समुद्रावर थांबलेली कथा

मारुतीचा पाट पुन्हा ओला होता.

सरस्वतीनं तो पदरानं पुसला आणि बोट जिभेला लावलं. खारट. कुंभकोणमात समुद्र कुठला? कावेरी आहे, पण तिचं पाणी गोडं. वर छप्पर कोरडं, बाहेर लख्ख ऊन पडून गेलेलं. तरी हल्ली शनिवारी तिन्हीसांज झाली, मुकुंदराव भागवतरांच्या कथेची वेळ झाली, की पाट असा ओला व्हायचा. जिथं रामकथा चालते तिथं मारुती ऐकायला येतो, म्हणून त्याचा पाट रिकामा मांडायचा. तंजावरच्या राजांबरोबर इकडे आलेल्या या घराची ही जुनी रीत. पण आता कथाच बंद होती. पाट तिनं भिंतीशी उभा करून ठेवला होता. उभा पाट ओला कसा होतो, हे कुणाला विचारायचं?

कथा बंद केली ती विजयराघवानं, तिच्या नवऱ्यानं. नाचियार्कोविलच्या पितळी समया विकायचं त्याचं दुकान. एकदा जेवता जेवता मान खाली घालून म्हणाला, "यंदा विक्री नाही. पोंगलचा तै महिना उजाडला की वाट सापडते म्हणतात. तोवर नड नाही ते अस्कं बंद." अस्कं म्हणजे सगळं. केसांतला गजरा गेला, टीव्ही गेला, ताज्या दळलेल्या कॉफीचा वास घरातून गेला. शेवटी शनिवारची कथा गेली. दुकानासमोरच्या टेम्पोत समया चढताना सरस्वतीला दिसत, नवल वाटे. पण नवऱ्याच्या धंद्यात नाक खुपसायची तिला सवय नव्हती.

गजऱ्याचं तिला काही वाटलं नाही. कथेचं वाटलं, कारण ती थांबली भलत्याच जागी. मारुती लंकेला झेपावलेला. खाली समुद्र. आणि पाण्यातल्या सिंहिका राक्षसीनं त्याची सावली पकडलेली. सावली पकडली की उडणारा जागच्या जागी थिजतो. अशा ठिकाणी कथा कुणी ठेवतं का? चिपळ्या पिशवीत घालताना भागवतर म्हणालेही, "निदान त्याला पैलतीराला लावू द्या हो! मला काही देऊ नका."

"फुकट ऐकायची आमची रीत नाही," विजयराघव म्हणाला आणि दार लावून घेतलं.

आतल्या खोलीत सासूबाई, शिवकामी अम्मा, अंथरुणाला खिळलेल्या. पुनव निघायची नाही, असं डॉक्टर म्हणून गेले होते. ती निघाली. पुढचीही निघाली. कथा ऐकल्याशिवाय शनिवारी अन्नाला शिवायचं नाही, हा अम्मांचा जन्माचा नेम. आता कुठल्याच वारी घास उतरत नव्हता. पाठ सोलून निघाली होती, कूस वळवताना त्या ओरडत. जीव मात्र जागच्या जागी. सरस्वतीला भीती वाटे ती भिंतीची. वाऱ्यानं दिवा हले, तिची स्वतःची सावली नाचे. अम्मांची सावली ढिम्म हलत नसे.

"सरस्वती," त्या संध्याकाळी अम्मा म्हणाल्या, "तो धापा टाकतोय गे. तुला ऐकू येत नाही?"

"कोण, अम्मा?"

"वर आभाळ, खाली पाणी. किती वेळ ठेवाल त्याला तसं?"

सरस्वतीनं कान दिला. पलीकडच्या, कथेच्या रिकाम्या खोलीतून धाप ऐकू येत होती.

तिच्या अंगावर काटा आला. पण देवाला भ्यायचं, तर मग जायचं कुणाकडे? ती उठली. पाट जागेवर मांडला, समई लावली आणि जिथं भागवतर उभे राहत तिथं उभी राहिली. आरतीपलीकडे ती कधी गायली नव्हती. आवाज आधी गंजलेल्या बिजागरीसारखा निघाला. मग वर्षानुवर्षं ऐकलेले शब्दच तिला हाताला धरून नेऊ लागले. सिंहिकेनं जबडा पसरला. मारुती एवढासा झाला, आत शिरला, तिला फाडून बाहेर आला. सावली सुटली.

"सुटली" म्हणताना समईची ज्योत आडवी झाली. उघड्या दारातून अम्मांची सावली भिंतीवर हलली.

सरस्वती थांबली नाही. पलीकडची झाडं दिसली, वाळू दिसली, मारुतीचे पाय वाळूला लागले. "सीताराम" म्हणून तिनं हात जोडले. धाप थांबली होती. वाकून तिनं पाटाला हात लावला. खडखडीत कोरडा, आणि नुकतंच कुणी उठून गेल्यासारखा उबदार.

आनंदानं ती आत धावली. "अम्मा, पोचला! आता दोन घास भात..."

अम्मांचा चेहरा कथा संपल्यावर व्हायचा तसाच झाला होता, निवलेला. छाती हलत नव्हती.

दारात विजयराघव उभा होता. दुकानातून कधी आला, किती ऐकलं, कोण जाणे. तो आईकडे बघत नव्हता.

"उतरला तो?" त्यानं विचारलं.

"उतरला."

विजयराघव उंबऱ्यावरच बसला.

"दुकान बरं चाललंय गे," तो म्हणाला. "अम्मानं मला सांगून ठेवलं होतं, मारुती पैलतीराला लागला, की मीही निघेन." मग मोकळ्या झालेल्या भिंतीकडे बघत तो लहान मुलासारखा रडू लागला. "सावली मी धरली होती."