लाल काठाची टोपली

अठ्ठ्याण्णव साली सरकारनं थेट परदेशात ऑफिस उघडलं, इकडचा माल तिकडं खपावा म्हणून. चामोर्शीच्या शकुबाईकडून बांबूच्या टोपलीचा नमुना मागवला. तिनं आठ दिवस बसून टोपली विणली आणि काठाला लाल रंगवलेली कामटी ओवली. आठवडी बाजारात लाल काठ म्हणजे शकुबाईचाच हात, हे पोरासोरांनाही ठाऊक. टोपली एसटीवर चढली आणि वर्षभरानं चिठ्ठी आली, 'नमुना पोचला नाही, पुन्हा पाठवा.'

या खेपेला नवी टोपली मांडीवर घेऊन शकुबाई स्वतःच निघाली. जंगलखात्याच्या नाक्यावर गार्डानं तिला खाली उतरवलं.

"बांबूच्या मालाले पास लागते, बाई. हे जप्त."

"काऊन जी? सरकारनंच तं मागवली. साता समुद्रापार चालली ना भाऊ थे!"

"समुद्राचं मले नाई मालूम. बिनापासची हा नाका पार नाई होत."

जप्तीचं पावतीबुक काढायला त्यानं टेबलाखालची जुनी टोपली पुढं ओढली. तिचा काठ लाल होता.