एक उपकरण जोडलेलं आहे

पाच वाजायला आले तसा भागाबाईने आपल्या फोनचा हॉटस्पॉट सुरू केला आणि मागच्या भिंतीला पाठ लावून बसली. रोज नवरा बाहेर पडल्यावरच ती फोनला हात लावायची. आज मुद्दाम त्याच्यादेखत लावला. उद्या अखाजी होती, लेकींनी माहेरी यायची अक्षय्य तृतीया. गल्लीतल्या सगळ्यांच्या लेकी माहेरी आल्या होत्या, निंबाला झोके बांधले होते. मागची अखाजी तिने रडून काढली होती, ही तशी काढण्याची ताकद तिच्यात उरली नव्हती.

जीवराम चप्पल घालत होता. पाच वाजता पारावर जाऊन बसायचा त्याचा नेम होता.

"आयका ना," ती म्हणाली. "स्नेहल रोज येस."

त्याचा पाय चपलेत अर्धाच राहिला. "कोन येस?"

"आपली स्नेहल. मागला बोळमा उभी ऱ्हास. माले फोनवर समजस."

मागच्या वर्षी जानेवारीत स्नेहल दुसऱ्या समाजातल्या पोराबरोबर पुण्याला निघून गेली. पंधरा-वीस दिवसांनी तिकडून कुणाचा तरी फोन आला, तसा जीवराम तिला आणायला म्हणून गेला. परत आला तो एकटाच, डोकं भादरून. "ती आपलाकरता मरी गयी," एवढंच बोलला आणि दहाव्याला तापीवर जाऊन पिंड ठेवून आला. पोटच्या पोरीचे जितेपणी दिवस घातले, हाडाचा कडक माणूस, असं अख्खं अमळनेर बोललं. कुणी कौतुकाने, कुणी नाक मुरडून. बरोबर गेलेल्या भाऊबंदांनी सांगितलं, पिंड ठेवला तसा कावळा शिवला. भागाबाईला तेव्हा त्या कावळ्याचाही राग आला होता. नदीवरचं उपाशी पाखरू, त्याला जित्या-मेल्याचं काय कळतं?

लेकीचा नंबर तेव्हापासून बंद होता. बापाच्या धाकाने नवं सिम घेतलं असेल, अशी भागाबाईने मनाची समजूत घातली होती.

मग दिवाळीनंतर एकदा संध्याकाळी शेजारच्या बेबाबाईचं नेट संपलं. तिला धुळ्याच्या लेकाचं तोंड बघायचं होतं, म्हणून भागाबाईने हॉटस्पॉट लावून दिला. तिच्या फोनवर आलं, दोन उपकरणं जोडलेली आहेत. खाली नावं होती. एक बेबाबाई. दुसरं स्नेहल.

कॉलेजात असताना स्नेहल आईच्याच नेटवर अभ्यास करायची. पासवर्ड तिच्या फोनमध्ये तसाच राहिला होता. फोन जवळ आला की आपोआप जोडला जायचा, आणि जवळ म्हणजे भिंतीपलीकडची फार तर दहा-पंधरा पावलं.

"माय, पोरगी बोळमा शे तुनी!" बेबाबाई कुजबुजली होती.

भागाबाई पुढच्या दाराने धावली. वळसा घालून पोचेपर्यंत बोळात कुणी नव्हतं आणि फोनवरून नावही गेलं होतं. पुन्हा ती धावली नाही. पोरगी बिचकली तर येणंच बंद होईल. त्यापेक्षा रोज पाच वाजता नाव बघायचं, भिंतीला पाठ लावायची आणि आज काय भाजी केली ते हळूच सांगायचं. ऐकू जात नसणार हे तिलाही कळत होतं. पण दोन घास जास्त जाऊ लागले. गोळीशिवाय झोप येऊ लागली. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, बाकीच्यांनी हसावं.

"उद्या तिले घरमा लई येऊत," ती आता म्हणाली. "तुमी काहीच बोलू नका. फक्त दार उघडं ठेवा. मी तुमना पाया पडस."

"ती मरी गयी, भागा."

"तुमनाकरता मरी गयी व्हई. मनाकरता नही."

जीवरामने तोंड उघडलं. मग त्याची नजर तिच्या हातांकडे गेली. मागच्या वर्षी कोपरापर्यंत सरकणाऱ्या बांगड्या आता मनगटात बसत होत्या. त्याने पाय चपलेत पूर्ण सरकवला आणि तो निघून गेला.

पाच वाजले. सव्वापाच झाले. फोनवर कुणीच नाही. भागाबाईने फोन पुन्हा पुन्हा उघडून पाहिला. आपणच तोंड उघडून घात केला. तो बोळात गेला असेल, पोरीला हाकलून दिलं असेल, आणि आता ती मेली तरी या गल्लीत पाऊल टाकणार नाही. साडेपाच झाले तेव्हा तिला वाटलं, आपणही आता कशाला जगायचं?

पाच पस्तीसला नाव आलं. स्नेहल.

पदर तोंडात कोंबून ती ढसाढसा रडली. मग उठली. व्हायचं ते होवो, आज लेकीचा हात धरून तिला घरात आणायचं. चपलांचा आवाज होईल म्हणून ती अनवाणीच निघाली. दिवसभर तापलेल्या फरशीने तळवे भाजत होते. बेबाबाईच्या ओट्याला वळसा घालून ती बोळाच्या तोंडाशी थांबली, श्वास रोखला आणि आत डोकावली.

भिंतीला टेकून जीवराम उकिडवा बसला होता. डोळे मिटलेले. पलीकडे तिची रोजची जागा होती, त्याच ठिकाणी त्याने डोकं टेकलं होतं. दोन्ही हातांनी त्याने एक फोन छातीशी धरला होता. फोनच्या पाठीवर पोलिसांची चिठ्ठी चिकटलेली होती, आणि चौथी शिकलेल्या भागाबाईने जवळ जाऊन ती अक्षर अक्षर लावून वाचली. मागच्या वर्षातल्या फेब्रुवारीची तारीख, आणि खाली: मयत स्नेहल जीवराम बोरसे हिच्याजवळ मिळालेला मोबाईल.