हैदराबादची गाडी

“आत गेल्यावर तो शब्द काढायचा न्हाई, सिस्टर. आईला पित्ताचा खडा हाय म्हणून सांगितलंय. तिला तेवढंच ठाऊक हाय.”

मन्मथने सिस्टर वनमाला यांना दुकान आणि घर यांच्यामधल्या दारातच अडवलं. त्या बीडच्या दवाखान्यातून आल्या होत्या. बऱ्या न होणाऱ्या दुखण्यातल्या माणसांना घरी जाऊन बघायचं, त्यांचा त्रास हलका करायचा, हे त्यांचं काम. डॉक्टरांनी पाठवलं असेल, असं मन्मथला वाटलं. यांना नेमकं आजच यायचं होतं, असंही वाटलं.

“मी आपणहून सांगणार न्हाई,” सिस्टर म्हणाल्या. “पण त्यांनी विचारलं तर खोटंबी बोलणार न्हाई.”

मन्मथने ते नीट ऐकलंच नाही. त्याचा फोन वाजत होता. चार वाजता हैदराबादला निघायचं होतं. बंकटची भाड्याची गाडी दुकानासमोर उभी होती, मागच्या सीटवर गादी अंथरून झाली होती. तीन महिन्यांत बीड झालं, लातूर झालं, सोलापूर, पुणे झालं. तेलगावच्या पुढे कुणी वैद्य काढा देतो कळलं, तर मन्मथ त्याच दिवशी जाऊन आला. नांदूरघाटच्या बाजारातलं त्याचं भांड्यांचं दुकान उघडं कमी आणि बंद जास्त असायचं. आता हैदराबादचे एक डॉक्टर फोनवर म्हणाले होते, घेऊन या, बघू. त्या ‘बघू’वर तो दोन दिवस जगत होता.

आतल्या खोलीत गंगासागरबाई कुशीवर पडल्या होत्या, गुडघे पोटाशी घेऊन. कपाळावरची विभूती घामाने फिसकटली होती. सून कावेरी पाठ चोळत होती.

“कुठं दुखतं, मावशी?”

“पोटातून निघून पाठीत जातंय. लई दिस झाले, उताणं होता येत न्हाई.”

“दुखण्याची गोळी घेता का?”

गंगासागरबाईंनी लेकाकडे पाहिलं. मन्मथने बायकोकडे पाहिलं. कावेरी उठली आणि कपाटावरून औषधाचं पाकीट काढून आणलं. बीडच्या डॉक्टरांनी तीन आठवड्यांपूर्वी लिहून दिलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या. पाकीट फोडलेलंच नव्हतं.

“लोक म्हणले, ही शेवटची गोळी असती,” मन्मथ म्हणाला. “एकदा चालू केली की संपलं.”

सिस्टरनी डॉक्टरांना फोन लावला, गोळी किती द्यायची ते पुन्हा विचारून घेतलं आणि गंगासागरबाईंना पहिली गोळी दिली. मग कावेरीला सांगायला लागल्या. दर चार तासांनी एक. दुखायची वाट बघायची नाही, घड्याळ बघायचं. पोट साफ व्हायचं औषध सोबत द्यायचं. तोंड कोरडं पडतं, ओल्या फडक्याने पुसायचं. गुडघ्यांमध्ये उशी. कावेरी कॅलेंडरच्या पाठीवर लिहून घेत होती.

“म्हणजे आता हात टेकायचे,” मन्मथ म्हणाला.

“हात टेकायला सवड कुठं हाय? लई काम हाय,” सिस्टर म्हणाल्या आणि पुन्हा कावेरीकडे वळल्या.

मन्मथ बाहेर गेला. गाडीतली गादी त्याने उगाच सरळ केली. रिपोर्टची फाइल उघडली, कागद मोजले, मिटली. दुकानात आला. एक पातेलं उचलून दुसऱ्या फळीवर ठेवलं. पुन्हा गाडीपाशी गेला. चार वाजून गेले. बंकटने हॉर्न दिला. मन्मथ आईला उचलायला आत आला आणि दारातच थबकला.

गंगासागरबाई उताण्या पडल्या होत्या. पाय सरळ केले होते. कपाळावरची आठी नव्हती. ही आठी कायमचीच, असं त्याला इतक्या दिवसांत वाटायला लागलं होतं.

“चल आई. गाडी थांबलीय.”

“मला गाडीत बसवत न्हाई रे.”

“आठ तासांचा तर रस्ता हाय. तिथं मोठे डॉक्टर हायत.”

तो खाली वाकला, तिच्या मानेखाली हात घातला. तिने अंग सोडून दिलं, तीन महिने देत आली होती तसंच. नको म्हणाली नाही. नुसती त्याच्याकडे बघत राहिली. हातावर तिचं वजन जाणवलंच नाही. तो तसाच काही वेळ वाकून राहिला. मग हळूच हात काढून घेतला.

बाहेर येऊन त्याने बंकटला गाडी घेऊन जायला सांगितलं.

“उद्या येऊ का?” बंकटने विचारलं.

“नको.”

गाडी गेली. सिस्टर पिशवी घेऊन बाहेर आल्या, पण निघाल्या नाहीत. दुकानाच्या पायरीवर बसल्या.

“जेवता का वेळेवर? झोप लागते का?”

“आईला न्हाई लागत.”

“तुमचं विचारते.”

“माझं कावून विचारता?” मन्मथचा आवाज चढला. “पेशंट आत हाय. डॉक्टरांनी तुमाला तिच्यासाठी पाठवलं ना?”

“मला डॉक्टरांनी न्हाई पाठवलं,” सिस्टर म्हणाल्या. “सोमवारी मावशींनीच कावेरीताईंच्या फोनवरून बोलावलं. मी विचारलं, पेशंट कोण? त्या म्हणल्या, ‘मला क्यान्सर हाय, त्याचं माझं मी बघते. पेशंट माझा लेक हाय. तीन महिने झाले, एका जागी बसला न्हाई.’”