मागची जागा

मुलगी जोडीच्या होडीत पुढे एकटीच गुडघा टेकून बसली आणि काठावर मी तिचा टॉवेल घट्ट धरला.

“मॅडम, मागे कोणी नको? एका बाजूनं वल्हवलं की होडी वळते ना?”

“वळू दे की, आई! जॅकेट आहे ना अंगात.”

मॅडमची सगळी पदकं याच होडीतली. मागे बसून दिशा धरणारी जोडीदार, वासंती, याच धरणात बुडाली. तेव्हापासून त्या फक्त शिकवतात.

होडी वळलीच नाही. मागचं टोक पाण्यात दाबलं गेलं आणि ती सरळ खोल पाण्याकडे निघाली.

मॅडम पांढऱ्याफटक पडल्या. “वासंते, पोरीला परत आण! मी येते!”

होडी वळून काठाला लागली. मी मुलीला ओढून घेतलं. मॅडम पुढच्या जागी गुडघा टेकून बसल्या आणि मागे न बघता म्हणाल्या, “चल.”