जादाचा मोजा

"दोरी सोड आधी!" टोर्केल ओरडला. भूर्जाच्या सालीत झोपायच्या झोळीची बारीक दोरी रुतली होती आणि वसंतातला रस ठिबकत होता. परक्याच्या रानात झोपायची मुभा झाडं जपण्याच्या अटीवरच असते, हे त्याने अकरा वर्षांच्या लेकीला, इल्वाला, शंभरदा बजावलं होतं. "झोळी टांगायचे रुंद पट्टे कुठे विसरलीस? पहिल्याच मुक्कामाला वेंधळेपणा!" इल्वा उसळली. "विसरले नाही! जादाच्या मोज्यात गुंडाळले होते. सॅक हलकी करायची म्हणून सकाळी तूच तो काढलास. मी सांगत होते, तर म्हणालास, 'वाद नको.' मोजा एवढा जड कसा, हेही विचारलं नाहीस, बाबा!" टोर्केलने स्वतःच ती दोरी सोडली. स्वतःच्या झोळीचे पट्टे काढून त्याने तिची झोळी बांधली आणि शेवाळावर आपलं अंथरूण पसरलं. "तिथे ओल आहे," ती गुरगुरली. वाद न घालता त्याने अंथरूण उचललं.