भागूबाईला घर मिळालं

"वायरी झाकल्यात?" ताईंनी पलंगाखाली वाकून विचारलं.

"झाकल्यात," घड्याळवाला म्हणाला.

बेवारस प्राण्यांच्या संस्थेच्या या ताई घर बघायला आल्या की पोलिसांना लाजवेल अशी झाडाझडती घेत. पण या घराला नाव ठेवायला जागाच नव्हती. सतरंजी नाही, पडदे नाहीत, गाद्या-उशांना गुळगुळीत खोळी, खिडक्या घट्ट बंद आणि फरशी अशी पुसलेली की तोंड दिसावं. कुरतडायला काही म्हणजे काही नाही. जणू सशासाठीच घर लावलं होतं.

"घरात कोण असतं?"

"बायको. दिवसभर आतच असते. आता झोपलीय. तिच्याच सोबतीला हवाय."

ताईंना हायसं वाटलं. भागूबाईला अशीच शांत माणसं हवी होती.

भागूबाई म्हणजे जेमतेम वाढलेला एक करडा ससा. पावलं वाजली की खोक्याच्या कोपऱ्यात तोंड खुपसायचा, म्हणून हे नाव. दोन घरांनी त्याला परत पाठवलं होतं. दुसऱ्या वेळी त्याने खाणंच सोडलं आणि ताईंनी त्याला मांडीवर घेऊन कसंबसं जगवलं. आता तिसऱ्यांदा परत आला तर वाचणार नाही, ही धास्ती त्यांचा पिच्छा सोडत नव्हती.

घड्याळवाला पहिल्यांदा संस्थेत आला, तेव्हा तो पोपटांपाशी उभा होता आणि ताई नेहमीसारख्या करवादत होत्या. "एकांचा म्हणे सोफा कुरतडला! दुसऱ्यांच्या म्हणे पोराला धाप लागते. नाचता येईना, अंगण वाकडं! केस जरा जास्त गळतात बिचाऱ्याचे, दुसरं काय? माणसांची नाटकं मला नका सांगू."

तो पोपटांपासून वळला. "हाच द्या," म्हणाला.

घर पसंत पडल्यावर ताईंनी त्याला सगळं शिकवलं. "उचलायचं नाही, हाका मारायच्या नाहीत. जमिनीवर बसायचं आणि वाट बघायची. एकदा जीव लावला ना, की उशीवर येऊन झोपेल."

"उशीवर?"

"अगदी गालाला गाल लावून!"

"घाई नाही," तो म्हणाला. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याला धीर काय शिकवायचा?

मग फोटो येऊ लागले. आधी खोक्याबाहेर आलेलं नुसतं नाक. मग पलंगाच्या पायाशी ससा. आणि एक दिवस तो उशीवर, बाईच्या मोकळ्या केसांत शिरून झोपलेला. ताईंनी तो फोटो भिंतीवर लावला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला. आपली पारख कधी चुकत नाही, याचा त्यांना भारी अभिमान होता.

त्याच सुमारास बायकोचा फोन आला. "ताई, लहानपणापासून... मला कुणी प्राण्याजवळ जाऊच दिलं नाही. ह्यांनीच... पहिल्यांदा आणला. फार लाड करतात माझे." ती मधेमधे थांबत होती, शब्द फुटत नव्हता. गळा दाटून आला असणार. ताईंचाही आला.

ऊन तापायला लागलं आणि एका सकाळी घड्याळवाला टोपली घेऊन संस्थेच्या दारात उभा राहिला. टोपली खाली ठेवताच सशाने कोपऱ्यात तोंड खुपसलं.

"परत?" ताई कडाडल्या. "आता तुमचं काय कुरतडलं?"

"ती गेली. परवा."

ताई पुढे झाल्या. त्यांनी त्याचा हात हातात घेतला. हात अगदी स्थिर होता. "शेवटी याची सोबत तरी मिळाली हो तिला. तुमच्यामुळे."

"तुमच्यामुळे," तो म्हणाला. "तुम्ही सांगितलंत तसंच सगळं केलं."

"पण असं अचानक झालं तरी काय?"

त्याने हात सोडवून घेतला आणि बाहीवरचे करडे केस चिमटीत धरून एकेक वेचू लागला.

"दमा. लहानपणापासूनचा," तो म्हणाला. "माणसांचं तुम्ही काही विचारलंच नव्हतंत."