इंडिकेटरची टिकटिक

“आता?” स्टिअरिंगजवळचा दांडा खाली दाबून मिस्त्रीने विचारलं.

शेजारच्या सीटवर बसलेल्या टोपीवाल्या साहेबांनी त्याच्याकडे वळून पाहिलं. “तुम्हाला येतोय का आवाज?”

“अगदी बारीक. आला न आल्यासारखा.”

“मग मला म्हाताऱ्याला कुठून येणार हो?”

हा दुसरा दिवस. गाडी साठीची, पण काय तिचा थाट! रंग शाबूत, चकचकीत बंपर, इंजिन एका फटक्यात चालू. दिवेसुद्धा नीट उघडझाप करत होते. फक्त इंडिकेटरची टिकटिक तेवढी ऐकू येत नव्हती. साहेब वळण घ्यायचे, दांडा परत फिरवायला विसरायचे आणि उजवा दिवा मिचकावत सरळ गावभर फिरायचे. मागचे शिव्या घालायचे. शेवटी घरच्यांनी निर्वाणीचं सांगितलं होतं, आवाज येऊ दे, नाहीतर किल्ली कपाटात.

हे सगळं साहेबांनी पहिल्या दिवशी तोंडासमोर तोंड आणून, खणखणीत आवाजात सांगितलं. बहिऱ्यांचं असंच असतं, मिस्त्री मनात म्हणाला. स्वतःला ऐकू येत नाही आणि जगाला ओरडून सांगतात.

“साहेब, गाडी ठणठणीत आहे. जुने झालेत ते कान,” असं तो हसत म्हणालाही. मग काचा वर करून त्याने स्वतः दांडा दाबला. कसली टिकटिक न् कसलं काय! डॅशबोर्डला कान चिकटवला तेव्हा कुठे आत काहीतरी हललं. साहेबांचं खरं होतं. उगाच चेष्टा केली म्हणून तो वरमला.

मिस्त्रीचं नाव होतं ते त्याच्या कानांमुळे. गाडी फाटकातून आत येईपर्यंत कुठला प्लग थकलाय ते तो खुर्चीत बसून सांगायचा. अलीकडे मात्र त्याला नव्या गाड्यांचा राग यायचा. सगळ्या मेल्या कुजबुजतात! लेकही हल्ली ओठांतल्या ओठांत बोलायची. तिचं एकच पालुपद, “बाबा, पुरे आता. दुकान बंद करा.” तोही हट्टी. ज्या दिवशी या दारातून एक जरी गाडी दुरुस्त न होता परत जाईल, त्या दिवशी मी आपल्या हाताने शटर ओढीन, असं त्याने तिला ठणकावलं होतं. अडतीस वर्षांत तशी वेळ आली नव्हती. आणि आता हत्ती गेला न् शेपूट अडकलं. टिकटिक करणारी बोटभर उंचीची फ्लॅशरची डबी त्याचं दुकान बुडवायला निघाली होती.

त्याने ती डबी कापडी अस्तरामागून काढून उघड्या पत्र्यावर बसवली. पत्रा घुमेल, आवाज वाढेल. नाही वाढला. जुन्या बाजारात दोन तास धुंडाळून जाड टोल्याचा फ्लॅशर आणला. तोही मुका. तिसऱ्या दिवशी बिस्किटांचा रिकामा डबा डॅशबोर्डखाली ठोकला आणि फ्लॅशर त्यात अडकवला.

“आता?”

“तुम्हाला?” साहेबांनी विचारलं. प्रत्येक वेळी ते हेच विचारत, आणि मग खिशातल्या वहीत काहीतरी टिपून ठेवत. रिकामटेकड्या माणसाला वही बरी सापडते, मिस्त्री चिडून पुटपुटला.

“येतो. म्हणजे… आल्यासारखं वाटतं.”

दांडा तसाच सोडून तो खाली उतरला आणि टायरवर बसला. असा प्रसंग त्याच्यावर कधी आला नव्हता. तारा बरोबर, बॅटरी बरोबर, दिवे बरोबर. बिघाड दिसला तर माणूस भांडेल तरी त्याच्याशी! इथे भांडायचं कुणाशी? हे आपल्याच्याने होत नाही, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं आणि फार भीती वाटली. डोळे भरून आले. साहेबांना दिसू नये म्हणून त्याने चिंधीने तोंड पुसलं, तर तोंड काळं झालं.

“राहू द्या का?” साहेबांनी जवळ येऊन विचारलं.

“राहू द्या कसं म्हणता? उद्या या.”

चौथ्या दिवशी त्याने लाज सोडली. ट्रक मागे घेताना वाजतो तो भोंगा आणला आणि इंडिकेटरच्या तारेला जोडला. दांडा दाबला.

टक! टक! टक! अहाहा! कसा स्वच्छ, सुटा, बेताचा आवाज. मिस्त्रीला रडूच यायचं बाकी राहिलं. बाकड्याखालचं कुत्रं उठून चालतं झालं. समोरच्या सीटकव्हरवाल्याने खिडकी धाडकन लावून घेतली. मेल्याला दुसऱ्याचं चांगलं झालेलं कधी बघवलं नाही. साहेबांनी टोपी दोन्ही हातांनी कानांवर ओढली. सकाळपासून गार वारं होतंच.

“आला ना आवाज? बोला, आला ना?”

साहेबांनी मान हलवली. पण त्यांच्या चेहऱ्यावर आनंद काही दिसेना. गाडी मिळाल्यावर कुणी असं तोंड करतं का?

मिस्त्रीने भोंगा बंद केला आणि जाडजूड वही पुढे सरकवली. गाडी नेताना गिऱ्हाइकाने तिच्यात आपल्या हाताने दोन शब्द लिहायचे, अशी त्याच्या दुकानाची पद्धत. ‘काम चोख’, ‘मिस्त्रींचा हात धरणारा नाही’ असलं काहीबाही लोक लिहीत. साहेबांनी बराच वेळ लिहिलं. खिशातून शिक्का काढून उठवला. मग मिस्त्रीच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो काढेचनात.

दारात लेक उभी होती. कधी आली, ते त्याला कळलंच नाही.

“ये ये,” तो तिला म्हणाला. “झाली बघ गाडी! शटरबिटर विसर आता.”

ती डोळ्यांना पदर लावून उभी राहिली. मिस्त्रीने चष्मा शोधून वही जवळ धरली. अक्षर अगदी गिचमिड होतं, तरी लागलं.

‘टिकटिक मला पहिल्या दिवशीही पार फाटकापर्यंत ऐकू येत होती. उद्या दहा वाजता मुलीबरोबर दवाखान्यात या.’

खाली सही होती, आणि सहीखाली शिक्का: कान, नाक व घसा तज्ज्ञ.